शालिनीच्या वाटणीचा काठ

हुबळीतल्या तुळजाई लेआउट या वसाहतीमागचा ओढा सुधारला, त्याचं श्रेय आता बरेच जण घेतात. मुकुंदराव ते समितीला देतात, म्हणजे स्वतःला. शालिनीच्या सासूबाई नागोबाला देतात. शालिनीला मात्र मुळात त्या ओढ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिचं वैर होतं एका वाक्याशी.

"थांब, स्मृती आंटीला विचारून सांगते."

हे वाक्य बोलायची तिची सहा वर्षांची लेक, जुई. साय खाल्ली की डोकं चालतं, असं शालिनी म्हणाली, तर हे वाक्य. ओल्या केसांनी बाहेर गेलं की सर्दी होते, तर हे वाक्य. एकदा शालिनीने सहज सांगितलं की बेडूक ओरडले की पाऊस येतो. जुईने दप्तर पाठीवर टाकता टाकता आईकडे असं पाहिलं, जसं बँकेतला कॅशियर फाटक्या नोटेकडे पाहतो, आणि म्हणाली, "उलटं असतं ते बहुतेक. थांब, विचारून सांगते."

जिला नऊ महिने पोटात वागवलं, जिच्या गोवरात आठवडाभर पाठ टेकली नाही, जिला पेरूच्या बिया काढून भरवल्या, तिने आईचं बोलणं तपासायला शेजारी पाठवावं? शालिनी मत्सरी नव्हती. निदान तिचं स्वतःबद्दल तसं मत होतं. जावेच्या पाटल्या, नणंदेचा धारवाडमधला दुमजली बंगला, हे सगळं तिने हसतमुखाने पाहिलं होतं. पण पाटल्या वेगळ्या आणि पोटची पोर वेगळी.

स्मृती म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून. धारवाडला वनस्पतिशास्त्र शिकलेली, ओढणीला पिन लावणारी, कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच गोडीने बोलणारी. शालिनीने तिच्यात खोट शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. भाजीत मीठ जास्त असेल म्हणून हळदीकुंकवाला गेली, तर उसळ इतकी बेताची की दुसऱ्यांदा मागून घ्यावी लागली. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार कष्टाचं असतं. त्याच्याकडून काडीची मदत होत नाही.

ही स्मृती दर रविवारी सकाळी लेआउटमधली पोरं घेऊन ओढ्याकाठी बसायची. त्याला 'ओढ्याची शाळा' म्हणायचे. तोवर त्या ओढ्याला कन्नड माणसं हळ्ळ म्हणत, मराठी माणसं नाला म्हणत आणि दोन्ही भाषांची माणसं त्यात कचरा टाकत. कलघटगीकडच्या शेतांतून तो बरा निघायचा, आणि लेआउटमधल्या घरांमागे आला की त्याची कळा जायची. मोडक्या छत्र्या, बारशाच्या पत्रावळी, एकदा तर आख्खा सोफा. सोफा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

स्मृतीने पोरांना काय मंत्र घातला कोण जाणे. पोरं काचेच्या बाटलीत पाणी भरून उजेडात धरायची, चतुर ओळखायची, आणि घरी जाऊन आईबापांना कचऱ्याची पिशवी ओढ्यात टाकताना रंगेहाथ पकडायची. लाजेकाजेस्तव मोठी माणसं गोळा झाली आणि समिती झाली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले मुकुंदराव तिचे अध्यक्ष. निवृत्त झाल्यापासून त्यांना अध्यक्ष व्हायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी काठाचे तुकडे पाडले आणि भावाभावांत शेत वाटावं तसे मागतील त्या घरांना वाटले. ज्याने त्याने आपापला काठ साफ करायचा, झाडं लावायची, निगा राखायची. स्मृतीच्या वाट्याचा काठ महिन्याभरात असा दिसू लागला, की सकाळी फिरायला निघालेली माणसं तिथे थांबून लांब श्वास घ्यायची.

"जुई तिथेच असते सारखी," शालिनी नवऱ्याला म्हणाली.

यशवंतचं कोप्पीकर रोडवर साड्यांचं दुकान. जगातला कुठलाही प्रश्न तो काउंटरपलीकडून सोडवायचा. "गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला लागलं," तो जेवता जेवता म्हणाला, "तर रडायचं नाही. जास्त माल दाखवायचा."

"पोरगी गिऱ्हाईक आहे का?"

"सगळेच असतात ग. आमटी वाढ."

दुसऱ्याच दिवशी शालिनी मुकुंदरावांकडे गेली आणि आपल्यालाही काठ हवा म्हणाली. मुकुंदरावांनी चष्मा कपाळावर चढवला. आता एकच तुकडा उरला होता, देवळापलीकडच्या वळणावरचा. तो उरला होता याला कारणं होती. एक म्हणजे पलीकडच्या वस्तीतली माणसं पहाटे डबा घेऊन तिथेच येत. आणि दुसरं म्हणजे बरोब्बर मधोमध पुरुषभर उंचीचं वारूळ होतं.

"वारुळाचं काय करू, काका?"

"लांबून नमस्कार करा, शालिनीबाई. बाकी काठ तुमचा."

काठ मिळाल्याचं कळताच सल्ले सुरू झाले. झाड लावणं ही एकच गोष्ट अशी आहे, की जिने जन्मात कुंडीसुद्धा पाहिली नाही तीही आपल्याला शिकवू शकते. एकीने सांगितलं, खड्ड्यात मेलेला उंदीर पुरा. दुसरी म्हणाली, ताक घाला. मुकुंदराव म्हणाले, आधी परवानगी. कारण ओढा आपल्या मागे असला म्हणून आपला होत नाही.

मग कुणाचा, हे शोधायला शालिनी त्यांच्याबरोबर तीन कचेऱ्या फिरली. पहिल्या कचेरीत सांगितलं, पाणी आमचं नाही, दुसऱ्यांचं. दुसरे म्हणाले, पाणी असेल आमचं, पण काठ तिसऱ्यांचा. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि विचारलं, तिथे ओढा आहे? मुकुंदराव या प्रवासात दहा वर्षांनी तरुण झाले. शालिनीच्या चपलेचा अंगठा तुटला. शेवटी मुकुंदरावांनी असा निष्कर्ष काढला, की कोणाचाच नाही म्हणजे कोणी नाही म्हणणार नाही. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाखेरीज हे कुणाला सुचलं नसतं.

मग रोपांसाठी समितीची बैठक झाली. वनखात्याच्या रोपवाटिकेतून फुकट रोपं मिळणार होती, फक्त आकडा कळवायचा होता. मुकुंदराव एकेकाला विचारत होते. स्मृती म्हणाली, "मला चाळीस पुरेत. तेवढी जगवली तरी खूप."

जुई तिच्या मांडीला टेकून बसली होती. आईच्या नव्हे, तिच्या.

"शालिनीबाई, तुम्हाला?"

शालिनी वीस म्हणायला आली होती. घरून निघताना वीसच ठरलं होतं. पण तोंड उघडलं आणि कोप्पीकर रोड बोलला.

"चारशे."

मुकुंदरावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "चारशे म्हणजे चार वर शून्य शून्य?"

"काठ मोठा आहे," शालिनी म्हणाली. काठ तिचं स्वयंपाकघर आणि पडवी मिळून होईल त्याहून फार मोठा नव्हता. पण जुईने मान वळवून आईकडे पाहिलं होतं, डोळे मोठे करून. त्या नजरेसाठी शालिनीने चार हजारसुद्धा म्हटलं असतं.

सरकारी गाडी कधी वेळेवर येत नाही, यावर भरवसा ठेवून शालिनी निवांत होती. ही आली. आली ती नेमकी नागपंचमीच्या सकाळी.

आता नागपंचमीला त्या घरांमध्ये काय चालतं हे सांगायला हवं, किंबहुना काय चालत नाही ते. विळी चालत नाही, तवा चढत नाही, आणि जमीन खणणं तर मुळीच नाही. न जाणो, कुदळ कुणाच्या डोक्यावर बसायची. पोरींनी झोके घ्यायचे, बायकांनी लाह्या, शेंगदाण्याच्या उंड्या आणि दूध घेऊन वारुळाला जायचं, बाकी सगळ्यांनी उकडलेलं खायचं. सासूबाई, ज्यांना घरात सगळे अक्का म्हणत, दारात रांगोळीचा नाग काढत होत्या. नागाचा फणा पुरा व्हायच्या आत त्याच्यावर लॉरीची सावली पडली.

"एल्ली इळस्लि री?" ड्रायव्हरने विचारलं. कुठे उतरवू?

"आज कसं उतरवणार? आज पंचमी आहे," शालिनी म्हणाली.

"मलाही आहे पंचमी," तो म्हणाला. "घरी जायचंय. उतरवतो."

आणि त्याने उतरवली. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, काळ्या पिशव्यांतली चारशे रोपं. अंगण भरलं. पडवी भरली. तुळशीवृंदावनाभोवती उंबरांनी कडं केलं, आणि अक्का नागाच्या शेपटीशी अडकल्या, त्यांना घरात जाता येईना.

"काय करालीस ग हे?" त्या जागच्या जागी उभ्या राहून म्हणाल्या.

"ओढ्याकाठी लावायची आहेत, अक्का. आज लावून टाकली तर—"

"आज? पंचमीला तवा चढत नाही आपल्या घरात, आणि तू कुदळ चढवणार?"

लेआउटमधल्या दुसऱ्या कुणाकडून मदत मिळण्याची आशा नव्हती. सगळ्यांच्या घरी एकच पंचमी. स्मृतीने आपली चाळीस रोपं शांतपणे जांभळीच्या सावलीत मांडली, वर पाणी शिंपडलं आणि झोका खेळायला गेली. उद्या लावीन म्हणाली. चाळीस घेतलेल्या माणसाला उद्या असतो. चारशे घेतलेल्याच्या अंगणात तासाभरात वस्तीतल्या शेळ्या आल्या.

शेळ्यांना पंचमी नसते. शालिनीने एकीला हाकललं की दुसरी पडवीत शिरे. यशवंत दुकान बंद म्हणून घरी होता. तो खिडकीतून "ती बघ, ती पांढरी" एवढं सांगण्याचं काम मनापासून करत होता. जुई झोक्यावरून उतरून फाटकाशी उभी राहिली.

"आई, तू ही सगळी मारणार आहेस का?"

"मारीन कशी, राणी?"

"लावली नाहीस तर मरतील ना. स्मृती आंटी म्हणते—"

"म्हणू दे," शालिनी म्हणाली, आणि पदर खोचला.

त्याच क्षणी पलीकडच्या वस्तीतल्या बायका, हातात दुधाची गिंडी आणि लाह्यांचं ताट घेऊन, वळणावरच्या वारुळाकडे निघालेल्या तिला दिसल्या. रांगच होती. आणि वारूळ कुणाच्या काठावर होतं? शालिनीला आयुष्यात इतकी स्वच्छ कल्पना पूर्वी कधी सुचली नव्हती. तिने यशवंतला खिडकीतून बाहेर काढलं, हातगाडी मागून आणली, आणि खेपा घालून रोपं वारुळाशी नेली. दूध वाहून मागे वळणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात तिने एकेक रोप ठेवलं, वर हळदकुंकू. सणाच्या दिवशी, देवाच्या दारात, हळदकुंकू लावून दिलेलं काही घेत नाही म्हणणारी बाई हुबळीत अजून जन्मायची आहे. बायकांनी रोपं डोळ्यांना लावली. पदराखाली घेतली. काहींनी जावेसाठी दुसरं मागितलं. दुपार कलायच्या आत हातगाडी रिकामी.

शालिनी घरी आली ती तरंगतच. चारशे घरं, चारशे अंगणं, प्रत्येकात एक झाड. स्मृतीने केलं असतं का हे? जुई धावत आली आणि शालिनी तिला उचलायला वाकली.

"आई, स्मृती आंटी म्हणाली की तुझी आयडिया फार छान आहे."

शालिनी वाकलेलीच राहिली. आपलं कौतुकही आपल्याकडे त्या घरून यावं, याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं, तर ओढ्याकडच्या वाटेवर बायकांची रांग. आज हातात दूध नव्हतं. रोपं होती.

"नागप्पन गिडा री," पहिली बाई अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "मन्याग इडबारदु." नागप्पाचं झाड, घरात ठेवू नये. तिच्या सासूने सांगितलं होतं, वारुळावरची वस्तू घरात आली की तिच्यामागोमाग मालकही येतो. जिला मालक रात्री उंबऱ्यावर दिसला ती बाई कोण, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण ती आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं.

ही चूक कुठल्या वनअधिकाऱ्याने केली नसती, कुठल्या शास्त्रज्ञाने केली नसती. रोप रोपासारखं दिलं असतं तर ते कुठल्या तरी परसात सुखाने वाढलं असतं. शालिनीने ते वारुळाशी, पंचमीला, हळदकुंकू लावून दिलं होतं. आता ते झाड राहिलं नव्हतं. ती ठेव झाली होती आणि ठेव ज्याची त्याला परत.

बायकांनी सकाळभरात चारशेच्या चारशे, शेळ्यांनी खाल्लेली वगळून, वारुळाभोवती लावून टाकली. लग्नाच्या शेवटच्या पंगतीत माणसं दाटीवाटीने बसवावीत तशी. दोन उंबरांमध्ये बोट शिरेना. संध्याकाळी स्मृती खुरपं घेऊन आली.

"वहिनी, इतकी जवळ लावायची नसतात."

"देवाच्या मर्जीला अंतर कोण सांगणार," शालिनी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

स्मृती हसली. आणि मग अंधार पडेपर्यंत कडेकडेची रोपं हलक्या हाताने काढून जरा लांब लांब लावत राहिली. जाताना म्हणाली, "माझी चाळीस जगतील की नाही ठाऊक नाही, पण तुमची कुणी उपटणार नाही." शालिनीला वाटलं, हिने एकदा तरी टोमणा मारावा. निदान परतफेड करता येईल.

स्मृती म्हणाली तसंच झालं. त्या काठावर डबा घेऊन येणं दुसऱ्याच पहाटेपासून बंद झालं. नागप्पासमोर तसं कोण बसेल? कचरा बंद. कपडे धुणं बंद. शेळ्यासुद्धा वळणावर आल्या की गुराखी त्यांना हाकलून पुढे न्यायचा. कुणी सुतळी बांधली, कुणी तिला लाल फडकं लावलं. गवत वाढलं, तेरडा वाढला, त्यातून रोपांनी माना वर काढल्या. मुकुंदराव येणाऱ्याजाणाऱ्याला ते वळण दाखवू लागले, "लोकसहभाग" म्हणून.

ओढा घाण होता तेव्हा तो कुणाचाच नव्हता. आता हिरवा झाला म्हटल्यावर तीनपैकी एका कचेरीला तो आपला असल्याचं आठवलं. साहेब टेप घेऊन आले. दोन्ही काठांना सिमेंटची भिंत घालायची योजना होती म्हणे. मोजत मोजत ते वळणावर पोचले, वारूळ पाहिलं, लाल फडकं पाहिलं. जरा वेळ उभे राहिले. मग बूट काढले, नमस्कार केला, आणि टेप गुंडाळून निघून गेले. भिंतीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

म्हणजे शालिनी जिंकली होती. लेआउटभर तिचं नाव झालं. बाजारात भाजीवाली तिला "नागप्पन अक्का", म्हणजे नागप्पाची ताई, म्हणून मूठभर कोथिंबीर जास्त घालू लागली. स्मृतीची चाळीसपैकी निम्मी रोपं शेळ्यांनी खाल्ली आणि ती बिचारी पुन्हा खड्डे खणत होती. कुठल्याही हेवेखोर माणसाला आणखी काय हवं?

फक्त, जुई त्या काठावर येत नव्हती. येऊच देत नव्हतं कुणी. मोठ्यांनाच जिथे पाऊल टाकायची भीती, तिथे पोरांना कोण सोडेल? रविवारची शाळा सगळ्या काठांवर आळीपाळीने भरे आणि शालिनीचा काठ आला की सुतळीला वळसा घालून पुढे जाई. अक्कांनी तर नातीला शपथच घातली होती. शालिनीने पोरीसाठी काठ घेतला आणि तो असा सजवला की पोरीलाच तिथे बंदी.

गणपती आटोपल्यावरच्या रविवारी ओढ्याची जत्रा ठरली. प्रत्येक मुलाने आपापल्या घरच्या काठावर काय राहतं ते पाहुण्यांना सांगायचं होतं. आदल्या दिवशी जुई पायरीवर गाल फुगवून बसली होती.

"काय झालं ग?"

"चेतनच्या काठावर चतुर आहेत. पूजाच्या काठावर बेडकाची अंडी आहेत. स्मृती आंटीच्या काठावर तर खंड्या येतो." जुईचा आवाज चिरकला. "आपल्या काठावर नुसता देव आहे."

शालिनीने पोरीच्या केसांतून हात फिरवला. जुईने तो काढला नाही, पण त्याच्याकडे लक्षही दिलं नाही.

जत्रेच्या सकाळी मांडव पडला, सतरंज्या पडल्या. मुकुंदरावांनी ओढ्याच्या प्राचीन इतिहासापासून भाषण सुरू केलं. चेतन चतुर सांगून बसला. पूजा अंडी सांगून बसली. स्मृतीने पुकारलं, "आता जुई."

जुई नव्हती.

मांडवात नव्हती, घरी नव्हती, झोक्याशी नव्हती. मग कुणीतरी वळणाकडे बोट केलं. सुतळीच्या बाहेर, नीट जोडीने काढून ठेवलेल्या, दोन चिमुकल्या चपला. आत डोक्याएवढं गवत आणि मधोमध वारूळ.

बायकांनी तोंडावर पदर घेतले. अक्का नागोबाला नारळ बोलू लागल्या. पुरुष मंडळी पुढे झाली आणि सुतळीपाशी येऊन एकमेकांना वाट देऊ लागली. यशवंत म्हणाला, "जुई, बाहेर ये, चॉकलेट देतो." गवतातून उत्तर आलं नाही.

स्मृती धावत आली. तिने क्षणभरही विचार केला नाही. चपला काढल्या, सुतळी उचलली.

"थांबा," शालिनी म्हणाली.

शालिनीला सापाची भीती होती असं म्हणणं म्हणजे समुद्राला ओलसर म्हणणं. घरात ती त्याचं नावही घेत नसे, लांबडं म्हणे. पण त्या उचललेल्या सुतळीखाली स्मृतीला शिरताना पाहिल्यावर तिच्या मनात जे आलं, ते शौर्य नव्हतं. उगाच कशाला मोठेपणा द्यायचा? ते आलं होतं तिच्या सगळ्यात हलक्या, सगळ्यात कोत्या कोपऱ्यातून: हिनेच आणायची का माझी पोर बाहेर?

"माझा काठ आहे," ती म्हणाली. "मी जाते."

ती गेली. चिखल बोटांतून वर आला. तेरड्याच्या बिया फटाफटा फुटून अंगावर उडाल्या आणि प्रत्येक फट आवाजाला तिने एकेक देव आठवला. घरचे संपल्यावर माहेरचे घेतले. वारुळाला लांबून वळसा घालून ती पाण्याशी पोचली, तर एका वाळुंजाच्या रोपाखाली जुई उकिडवी बसलेली. फ्रॉक चिखलात, हनुवटी गुडघ्यांवर. तिने मागे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू ये, आई. घाबरेल."

"कोण?" शालिनीने विचारलं.

जुईने बोट दाखवलं. दगडाच्या सांदीत एक खेकडी होती, तळहाताएवढी. नांग्या सरसावून बसलेली. तिच्या पोटाखालच्या झडपेतून मसुराच्या डाळीएवढी पिल्लं, शेकड्यांनी, बाहेर डोकावत होती आणि पुन्हा आत शिरत होती. एक धीट निघालं, दोन बोटं पाण्यात गेलं, आणि खेकडीने ते पायाने ओढून परत पोटाशी घेतलं.

"सोडतच नाहीये ती," जुई कुजबुजली. "मी केव्हाची बघतेय."

शालिनी बघत राहिली. साप, चिखल, मांडव, मुकुंदरावांचं अर्धं राहिलेलं भाषण, सगळं गवतापलीकडे राहिलं. इथे पाणी स्वच्छ होतं, तळाचे खडे दिसत होते. जुई तिच्या दंडाला टेकली होती. पूर्ण भार टाकून.

कुठल्याही चांगल्या आईने अशा वेळी काहीतरी सुंदर विचारलं असतं. शालिनीने विचारलं, "स्मृती आंटीला माहीत आहे हे?"

"नाही. कुणालाच नाही. तुझ्या काठावर होती ना, म्हणून आधी तुला."

बाहेरून हाक आली, स्मृतीचीच, काळजीने चिरकलेली. "वहिनी, सापडली का? मी येऊ का आत?" पाठोपाठ अक्कांचा आवाज, नारळांची बोली आता फार वर गेली होती.

"सापडली," शालिनीने ओरडून सांगितलं. "येतो आम्ही. जरा वेळाने." आणि पदर सावरून ती चिखलातच मांडी घालून बसली.

जुईने जरा विचार केला. "आई, उद्या दाखवू या स्मृती आंटीला?"

शालिनीनेही विचार केला, अगदी मनापासून. स्मृतीने अंधार पडेपर्यंत या काठावरची रोपं लावली होती, हे तिला आठवलं. आज तर ती चपला काढून आत यायलाही तयार होती.

"दाखवू," ती म्हणाली. "परवा."